दारावरचा पैलवान

आमच्या सगळ्या चुलत-मामे-आत्येभावंडांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर दर दोन-तीन महिन्यांनी एक फोटो फिरत फिरत येतो. फोटोतला माणूस बदलतो, खालचा मजकूर तोच. कधी रिक्षा चालवणारा राष्ट्रीय पदकविजेता, कधी भाजीच्या गाड्यावर उभी धावपटू, कधी निळ्या गणवेशात एटीएमच्या दारात बसलेला, कान फुटलेला पैलवान. "हीच का आपल्या देशात खेळाडूची किंमत?" मग रागाने लाल झालेले चेहरे, मग क्रिकेटवाल्यांच्या नावाने बोटं मोडणं, आणि तासाभरात कुणीतरी मला टोकतोच, "काय रे, तुमच्याकडे असं नसेल ना?"

तुमच्याकडे म्हणजे इंग्लंडात. मी लिव्हरपूलच्या समोर, मर्सी नदीच्या पलीकडल्या काठाला राहतो. २००८ साली शिकायला आलो तो इथलाच झालो. या प्रश्नाला बरीच वर्षं मी एक हसरा चेहरा पाठवून सुटत आलो, कारण उत्तर द्यायचं तर मला दोन गोष्टी सांगाव्या लागणार होत्या. एक अर्नी शेव्हर्स या अमेरिकन हेवीवेट बॉक्सरची आणि दुसरी माझी. शेव्हर्स १ सप्टेंबर २०२२ ला गेला, अठ्ठ्याहत्तरावा वाढदिवस होऊन एकच दिवस झाला होता. तेव्हाही मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तरी "कोण हा?" हाच प्रश्न आला असता, आणि त्यात कुणाची चूक नाही. जगज्जेता झाला नाही त्याचं नाव कोल्हापुरापर्यंत पोचायला कारण काय?

तर आधी त्याच्याविषयी. जन्म अलाबामातला, वाढला ओहायोत. बॉक्सिंगचे हातमोजे घातले ते बाविसाव्या वर्षी. आपल्याकडे बाविसाव्या वर्षी तालमीत आलेल्या पोराला वस्ताद म्हणेल, बाबा, आता नोकरी बघ. पण या माणसाच्या उजव्या हातात जे होतं ते कुणी शिकवून येत नाही. त्याने जिंकलेल्या लढती सत्तरच्या वर. त्यातल्या फक्त सहा वगळता बाकी सगळ्या नॉकआउट. पंच, गुण, निकाल वगैरे भानगडीत पडायची पाळी तो सहसा येऊच देत नसे. 'रिंग' मासिकाने २००३ साली आजवरच्या सर्वांत जबर ठोसेबाजांची यादी काढली तेव्हा त्याला दहावं स्थान दिलं. लॅरी होम्स हा त्याच्याशीही लढलेला आणि माइक टायसनशीही. कुणाचा ठोसा जड, असं विचारलं की होम्स शेव्हर्सचं नाव घ्यायचा.

मात्र दम कमी. आमच्याकडे म्हणतात तसं, निकाल पहिल्या पाच मिनिटांत लागला तर पैलवान, नाही लागला तर प्रेक्षक. १९७३ च्या डिसेंबरात जेरी क्वारीने त्याला पहिल्याच फेरीत आडवा केला होता. हा क्वारी लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

२९ सप्टेंबर १९७७, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. समोर जगज्जेता मुहम्मद अली, वय पस्तीस. शेव्हर्सच्या तुळतुळीत डोक्यावरून अलीने त्याला 'एकॉर्न' म्हणायला सुरुवात केली होती. एकॉर्न म्हणजे ओकच्या झाडाचं गुळगुळीत फळ. लढत पंधरा फेऱ्यांची. दुसऱ्याच फेरीत शेव्हर्सचा उजवा हात अलीच्या जबड्यावर बसला. अली खरोखर हलला. पण नाटकी माणूस तो. पाय लटपटताहेत ते त्याने असे काही वाढवून दाखवले, डोळे असे फिरवले की शेव्हर्सला वाटलं हा सोंग करतोय, जवळ गेलो तर टिपेल. तो थबकला. लागलेलं सोंग करून लपवायचं सगळे जाणतात. लागलेलंच सोंग म्हणून दाखवायचं, हे अलीच जाणे. त्या दोन-चार सेकंदांत शेव्हर्सचं जगज्जेतेपद गेलं असं मला तरी ती फिल्म बघताना वाटतं, आणि ती मी बऱ्याचदा बघितली आहे.

त्या रात्री आणखी एक गंमत झाली. टीव्हीवर प्रत्येक फेरीनंतर पंचांचे गुण जाहीर होत होते. अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडी याने आत टीव्हीपुढे एक माणूस बसवला आणि खुणेने गुण मागवत राहिला. आपण पुढे आहोत हे अलीच्या कोपऱ्याला कळत होतं. शेव्हर्सच्या लोकांना ही युक्ती सुचली नाही. अली गुणांवर जिंकला. गुण देणाऱ्यांत ईवा शेन ही बाई होती, हेवीवेट जगज्जेतेपदाच्या लढतीला पंच म्हणून बसलेली पहिली स्त्री. शेव्हर्सच्या ठोशाबद्दल अली नंतर म्हणायचा की तो आफ्रिकेतल्या माझ्या भाऊबंदांनाही बसला.

विनोद चांगला आहे, पण त्या लढतीनंतर काय झालं ते कमी जणांना आठवतं. गार्डनच्या लढती ठरवणाऱ्या टेडी ब्रेनरने जाहीर केलं की अलीला इथे पुन्हा लढायला बोलावणार नाही. अलीचे डॉक्टर फर्डी पाचेको यांच्या हाती तपासणीचा अहवाल आला, मूत्रपिंडं बिघडू लागली होती. त्यांनी तो अलीला आणि त्याच्या जवळच्यांना पाठवला. कुणी उत्तर दिलं नाही. पाचेकोंनी अलीची साथ सोडली. अली त्यानंतरही १९८१ पर्यंत लढत राहिला आणि १९८४ मध्ये त्याला पार्किन्सनचं निदान झालं. एका डॉक्टरने लिहून दिलेलं होतं, पण वाचायचं कुणाला होतं?

शेव्हर्सला आणखी एक संधी मिळाली. १९७९ च्या मार्चमध्ये त्याने माजी जगज्जेत्या केन नॉर्टनला पहिल्याच फेरीत झोपवलं. सप्टेंबरात लास वेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये समोर जगज्जेता लॅरी होम्स. सातव्या फेरीत एक उजवा असा बसला की होम्स पाठीवर आडवा. होम्स कसा उठला ते त्यालाच माहीत. उठला, सावरला आणि अकराव्या फेरीत शेव्हर्सला थांबवलं. मग डोळ्याचा पडदा सरकला, शस्त्रक्रिया झाली आणि १९८३ मध्ये खेळ जवळपास आटोपला. पुढे एक-दोनदा परत यायचा प्रयत्न केला, तो न केला असता तर बरं. मधल्या काळात एका हॉलिवूडपटात खलनायक बॉक्सरच्या कामासाठी त्याला बोलावलं होतं. सिल्व्हेस्टर स्टॅलोन म्हणाला, खरं मार. हा म्हणाला, नको. तो हट्टाला पेटला म्हणून हाताने नुसतं जरा दाखवलं, तर स्टॅलोन ओकायला धावला. काम अर्थातच मिळालं नाही. ही गोष्ट शेव्हर्स स्वतः सांगायचा, त्यामुळे तिला थोडं मीठमसाला लावून घेतलेलं असेल असं धरून चालू.

त्यानंतर तो ॲरिझोनात ख्रिस्ती धर्मोपदेशक झाला. आणि नंतर, उतारवयात, लिव्हरपूलला आला. इथे क्वीन स्क्वेअरमधल्या एका पबच्या दारावर तो सुरक्षेचं काम करायचा. अलीला हलवणारा, होम्सला पाडणारा हात शनिवारी रात्री दाराशी उभा राहून "आज एवढं पुरे, घरी जा" म्हणायचा.

आता हाच फोटो आमच्या ग्रुपवर पडला असता तर? "हीच का त्यांच्या देशात किंमत?"

मला ही गोष्ट कुठे कळली ते सांगतो, आणि इथे माझी गोष्ट सुरू होते. मी आलो आणि पाठोपाठ मंदी आली. शिक्षण संपलं, हातात दोन वर्षं काम करायची परवानगी होती आणि काम नव्हतं. शंभरेक अर्ज केले असतील. शेवटी एका ओळखीच्याने सांगितलं, चार दिवसांचा कोर्स कर, एसआयएचं लायसन्स काढ, दारावर उभं राहायला माणसं लागतात. एसआयए म्हणजे इथल्या खासगी सुरक्षारक्षकांना परवाना देणारी सरकारी संस्था. २००१ च्या कायद्याने ती आली. कोर्समध्ये शिकवलं काय, तर नाही कसं म्हणायचं, आत किती माणसं गेली ते हातातल्या टिकटिक यंत्राने कसं मोजायचं, आग लागली तर कुठल्या दाराने काढायचं आणि स्वतः शेवटी कसं निघायचं. परवाना म्हणजे फोटोचं कार्ड. ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून दंडाला बांधायचं, सगळ्यांना दिसेल असं. तसा नियमच आहे.

आईला फोटो हवा असायचा. "कामावरचा पाठव की, कसलं ऑफिस आहे बघू." मी डिसेंबरातल्या एका संध्याकाळी दिवे लावलेल्या चौकात उभं राहून फोटो काढून घेतला. काळा कोट, मागे नाताळचं झाड. आणि डावा दंड भिंतीला चिकटवून असा उभा राहिलो की कार्ड दिसू नये. तरी पट्ट्याची पिवळी कड कोपऱ्यात आलीच. ती मी कापून फोटो पाठवला. आईने तो मोठा करून हॉलमध्ये लावला, अजून आहे. तासाला पाच पौंड ऐंशी पेन्स मिळायचे. ते मी रुपयांत गुणून बघायचो, चारशेच्या वर जायचे, आणि तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

त्या दारावर माझ्याबरोबर पन्नाशीचा एक लिव्हरपुली माणूस असायचा, तरुणपणी हौशी बॉक्सिंग केलेला, नाक दोनदा मोडलेलं. त्याने एका थंड रात्री शेव्हर्सचं सांगितलं. ज्या तऱ्हेने सांगितलं ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्याच्या बोलण्यात कीव नव्हती. आमच्या गावच्या देवळात एकदा गाडगेबाबा राहून गेले होते, असं सांगताना आजोबांचा आवाज जसा व्हायचा, तसा त्याचा झाला होता. आमच्या धंद्यातला माणूस! लोक दारू प्यायला यायचे त्यापेक्षा त्याचा हात हातात घ्यायला यायचे, म्हणाला. मी विचारलं, अरे पण वाईट नाही वाटत, एवढा मोठा बॉक्सर आणि दारावर? त्याला माझा प्रश्नच कळेना. दोनदा विचारला. मग तो म्हणाला, "का? दार वाईट आहे?"

त्या वेळी माझ्या दंडाला तेच कार्ड होतं, आणि मी ते आईपासून लपवलेलं होतं.

म्हणून ग्रुपवरच्या त्या फोटोंचं मला जरा वेगळं वाटतं. पैलवान एटीएमच्या दारात बसतो याचं आपल्याला दुःख होतं, त्यातलं निम्मं दुःख पैलवानाचं असतं. उरलेल्या निम्म्यात रखवालदाराविषयीचा आपला तुच्छभाव असतो. तोच फोटो, तोच गणवेश, पण कान न फुटलेला माणूस असता तर कुणी फॉरवर्ड केला असता का? बारा तास, आठवड्याची सुट्टी नाही, कंत्राटदार पगार दोन-दोन महिने थकवतो, हे त्याच्याही नशिबी असतंच. तो पैलवान नव्हता एवढाच त्याचा गुन्हा.

हे लिहिलं की लगेच उत्तर येणार: तिकडे बसून सांगायला सोपं आहे. आहेच. इथे कामाला मान आहे वगैरे जे अनिवासी मराठी माणूस सुट्टीत घरी येऊन सांगतो, ते मीही पुष्कळदा सांगितलं आहे आणि ते अर्धंच खरं आहे. दारावर कुणी तुच्छतेने बोलत नाही हे खरं, पण दारावर कोण उभे असतात ते बघा. नायजेरियन, पोलिश, पाकिस्तानी, माझ्यासारखे. पुढच्या आठवड्यात किती तास मिळतील ते शुक्रवारी कळतं. आणि खेळाडूंचं म्हणाल तर इथे काही सोन्याचा धूर निघत नाही. हेन्री कूपर हा इंग्लंडचा लाडका हेवीवेट. १९६३ मध्ये वेम्ब्लीवर त्याने तेव्हाच्या कॅशियस क्लेला, म्हणजे पुढच्या अलीला, डाव्या हुकने खाली बसवलं होतं. राणीने त्याला 'सर' केलं. पण त्याआधी, १९९३ साली, गुंतवणूक बुडाल्यामुळे त्याच्यावर आपले तीनही लॉन्सडेल पट्टे, म्हणजे ब्रिटिश विजेतेपदाचे मानाचे पट्टे, लिलावात विकायची वेळ आली होती. आपल्याकडच्या पैलवानाने गदा विकावी तसंच. अमेरिकेत तर जो लुई, ज्याने सलग जवळपास बारा वर्षं जगज्जेतेपद राखलं, तो करापायी कफल्लक होऊन वेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांचं स्वागत करत होता. शेव्हर्सने होम्सला पाडलं ते हेच सीझर्स पॅलेस.

आणि जेरी क्वारी. शेव्हर्सला एका फेरीत पाडणारा, अलीशी दोनदा आणि जगज्जेत्या जो फ्रेझरशी दोनदा लढलेला. डोक्यावर इतका मार खाल्ला की पन्नाशीत त्याला स्वतःचे कपडे घालता येईनात, घरच्यांना घालावे लागत. १९९९ च्या जानेवारीत गेला, वय ५३. त्याचा भाऊ माइकही बॉक्सर, तोही त्याच वाटेने २००६ मध्ये गेला, पंचावन्नाव्या वर्षी. या दोघांच्या शेजारी शेव्हर्सला ठेवा. अठ्ठ्याहत्तर वर्षं जगला, बोलत-हसत, लोकांशी हात मिळवत, दारावर उभं राहू शकेल अशा पायांनी. आता सांगा, वाईट कुणाचं झालं? ज्याच्या वाट्याला रखवालदारी आली त्याचं की ज्याला काहीच काम करता येईना त्याचं?

माझं घरच्यांशी भांडण आहे ते नेमकं इथे. आपण खेळाडूबद्दल दोनदाच बोलतो. पदक आणतो तेव्हा आणि मरतो तेव्हा. मधली चाळीस वर्षं कुणाच्या हिशेबात नसतात.

२०२४ चंच घ्या. जुलैत टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून आलेल्या क्रिकेट संघाला राज्य सरकारने ११ कोटी जाहीर केले. महिन्याभरात राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्य आणलं, खाशाबा जाधवांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याला जाहीर झाला १ कोटी. मग हरियाणा किती देतं, आपण किती देतो, यावर त्याच्या वडिलांनी उघड नाराजी मांडली. आमचा ग्रुप आठवडाभर पेटलेला होता. निम्मे म्हणत होते बरोबर बोलला बाप, निम्मे म्हणत होते हाव सुटली. आकडा किती याच्या पलीकडे कुणी गेलं नाही. माझं मत विचाराल तर ११ कोटी कशासाठी हे मला कुणी समजावून द्यावं, आणि बापाच्या बोलण्यात मला हाव दिसली नाही. पण कोटींचा आकडा कितीही वाढवला तरी तो पहिल्या तीन जणांचा. उपांत्यपूर्व फेरीत खांदा निखळून घरी आलेल्या पोराचं काय, हा प्रश्न त्या आकड्यात बसत नाही.

खाशाबांची गोष्ट आपण दर १५ जानेवारीला, त्यांच्या जयंतीला, आळवतो. १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार दिले. पदक घेऊन आले तर कऱ्हाड स्टेशनापासून शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक. मग त्यांनी कुस्त्यांची मैदानं लावून, स्वतः लढून, प्राचार्यांचं घर सोडवलं. पुढे पोलिसात गेले, १९८४ मध्ये अपघातात वारले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर, सोळा-सतरा वर्षांनी. पद्म पुरस्कारासाठी कुटुंबाला कोर्टाची पायरी चढावी लागली. आपण ही गोष्ट पुरस्काराच्या अन्यायाची म्हणून सांगतो. मला तीत बैलगाड्या आणि गहाणखत एकाच वर्षात दिसतात, ते जास्त टोचतं. मिरवणुकीला शंभर गाड्या जमल्या, प्रवासखर्चाला मात्र एका मास्तरचं घर.

आणि पंजाबच्या संगरूरचे कौर सिंग. सैन्यातले हेवीवेट, १९८२ च्या एशियाडचं सुवर्ण, पद्मश्री. १९८० च्या जानेवारीत अली भारतात आला होता तेव्हा दिल्लीत त्याच्याशी चार फेऱ्यांची प्रदर्शनी लढत खेळलेले. म्हणजे शेव्हर्सने ज्याच्यावर हात चालवला त्याच माणसावर आपल्याही एका हवालदाराने चालवला होता, दोन-अडीच वर्षांच्या अंतराने. २०१७ मध्ये त्यांना हृदयाच्या उपचारासाठी सावकाराकडून कर्ज घ्यावं लागलं. बातमी झाली, मग मदतीचे चेक आले. २०२३ च्या एप्रिलमध्ये गेले. त्यांची ती बातमी ग्रुपवर मीच टाकली होती. इमोजी आले, बाकी काही नाही.

इथल्या लोकांकडून घेण्यासारखं काही असेल तर ते मानपान नव्हे. मला विचाराल तर मायकेल वॉटसनचा खटला. १९९१ च्या सप्टेंबरात, लंडनच्या व्हाइट हार्ट लेनवर, क्रिस यूबँकबरोबर लढताना वॉटसन कोसळला. मेंदूत रक्तस्राव. रिंगजवळ त्याला तातडीने श्वास देईल, सावरेल अशी सोय नव्हती. योग्य उपचार मिळेपर्यंत जो वेळ गेला त्यात अर्धं आयुष्य गेलं. तो कोमात होता, मग चाकाच्या खुर्चीत. त्याने बॉक्सिंग बोर्डावरच दावा लावला, नियम तुम्ही करता तर सोय का नाही केलीत? अपील कोर्टात २००० च्या डिसेंबरात तो जिंकला. बोर्डाला भरपाईपायी लंडनमधलं आपलं कार्यालय विकावं लागलं. तेव्हापासून इथे रिंगजवळ भूल आणि श्वासाचं शास्त्र जाणणारा डॉक्टर, तयार रुग्णवाहिका, आधीच कळवून ठेवलेलं मेंदूशस्त्रक्रियेचं रुग्णालय, यातलं काही कमी असेल तर लढत होत नाही. एका कोसळलेल्या माणसाने बोर्डाच्या भिंती विकायला लावल्या, त्याची ही किंमत.

दोन वर्षांपूर्वी गावच्या जत्रेला घरी होतो. मैदान झकास. हलगी, फेटे, माइकवर निवेदकाची काव्यं, शेवटच्या कुस्तीचं बक्षीस ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर लावलेलं. एका पोराला धोबीपछाडीत मानेवर आपटलेलं मी समोर बघितलं. उठेना. दोघांनी त्याला काखेत धरून बसता केला, एकाने तोंडावर पाणी मारलं, तिसरा मान चोळायला लागला. मानेला लागलेल्याला असं उचलू नये हे मला दारावरच्या त्या चार दिवसांच्या कोर्समध्ये शिकवलं होतं. मी ओरडलो, हलगीत कुणाला ऐकू गेलं नाही. पोरगं पाच मिनिटांनी उठलं, टाळ्या पडल्या, कुणीतरी पाचशेची नोट त्याच्या लांगेत खोचली. रुग्णवाहिका होती का म्हणून मी नंतर आयोजकांतल्या एकाला विचारलं. "जीप हाय की," तो म्हणाला. जीप खरंच होती. बक्षिसाच्या ट्रॉलीमागे अडकलेली.

आमच्या गल्लीतले आप्पा त्या मैदानाला शेजारी बसले होते. ऐंशीच्या दशकात खासबागेत लढलेले, दोन्ही कान फुटलेले, आता एका बँकेच्या एटीएमवर रात्रपाळीला असतात. ग्रुपवर एकदा फिरलेला फोटो त्यांचाच होता. आमच्याच चुलतभावाने काढलेला, त्यांना न विचारता. त्यावर साडेतीनशे जणांनी हळहळ व्यक्त केली होती, असं त्यानेच मला कौतुकाने सांगितलं. आप्पांचा गुडघा गेला आहे. तालीम सुटली, खुराक सुटला नाही, वजन वाढलं, साखर वाढली. डॉक्टर म्हणतात वाटी बदला, आप्पा म्हणतात पैसे झाडाला लागतात का? साडेतीनशेतल्या एकानेही ते विचारलं नव्हतं. मीही नाही.

परत आल्यावर एका रविवारी त्यांना फोन केला. इकडची संध्याकाळ, तिकडे त्यांची पाळी सुरू झालेली. शेव्हर्सची सगळी गोष्ट सांगितली, अली, होम्स, पडदा सरकलेला डोळा, पबचं दार. माझंही दार सांगितलं, पहिल्यांदाच कुणाला तरी. ते मध्ये मध्ये "व्हय?" करत ऐकत होते. होम्स पडल्यावर परत उठला हे त्यांना पटलं नाही, पंचाने हळू मोजलं असणार म्हणाले. मग थोडा वेळ काही बोलले नाहीत. मागे कुणीतरी एटीएमचं दार ढकलल्याचा आवाज आला, "कार्ड सरळ घाला दादा," असं ते त्याला म्हणाले, आणि परत माझ्याकडे वळले.

"बसाया खुर्ची द्यायचे काय रं त्येला?"

नव्हती, म्हटलं. दारावर उभंच राहायचं असतं, तसा नियम आहे. मी पण उभाच असायचो.

"आमच्यात हाय," आप्पा म्हणाले. "एक पाय मोडकाय तिचा, पर हाय."